बोट मांडव्याला, मालक बडोद्याला: इंजिनाचं कोणतं काम स्वतः करावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ बडोद्याचे, मकरपुरा जीआयडीसीत त्यांचं स्वतःचं मशीन शॉप आहे. मेव्हण्यांबरोबर भागीत त्यांनी चौतीस फुटी जुनी मोटर यॉट घेतली. ती मुंबईसमोर, अलिबागजवळच्या मांडव्याला पाण्यात उभी असते. दोन सहा-सिलिंडर टर्बो डिझेल इंजिनं, वीसेक वर्षांची. मीटरवर १,१४० तास, त्यातले गेल्या वर्षभरातले फक्त ३८. मिस्त्री दर खेपेला बिल लावतो, पण काय केलं ते नीट सांगत नाही. "लेथवर आयुष्य गेलं, हात काळे करायची लाज नाही. यातलं किती काम मी स्वतः करू शकतो आणि कशाला हात लावू नये?"

मी बावीस वर्षं टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींवर, आणि सर्व्हे लाँचवर इंजिन सांभाळलं, बहुतेक काळ गुजरातच्या दहेज आणि मगदल्ला बंदरांत. आता बडोद्यातच, रावपुऱ्यात घरी असतो. तुमची बोट मी पाहिलेली नाही, तेव्हा इंजिनाचं मॅन्युअल जे सांगतं ते माझ्या वर, हे आधीच कबूल करतो.

तुमच्या प्रश्नातला मला खटकलेला आकडा १,१४० नाही, ३८ आहे. डिझेल इंजिनाला १,१४० तास म्हणजे काहीच नाही, आमच्या टगची इंजिनं तेवढे तास काही महिन्यांत करायची. पण वर्षाचे ३८ तास चालायचे आणि उरलेले आठ हजार सातशे तास खाऱ्या हवेत, खारं पाणी पोटात घेऊन उभं राहायचं, हे इंजिनाच्या जिवावर येतं. मॅन्युअलमध्ये "२०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं ना, त्यातलं "२०० तास" तुम्ही खोडून टाका. तुमच्या हिशेबाने ते पाच वर्षांनी येईल. तुमचं सगळं वेळापत्रक कॅलेंडरवर चालणार.

आणि यातूनच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर निघतं. न चालल्याने जे बिघडतं, ते जवळजवळ सगळं तुमच्या हाताने होण्यासारखं आहे. चालून जे झिजतं, ते मिस्त्रीचं काम, आणि त्याची वेळ तुमच्यावर इतक्यात येणार नाही.

सुरुवात खाऱ्या पाण्यापासून करा. तुमच्या ट्रकच्या किंवा जनरेटरच्या इंजिनात आणि या इंजिनात मोठा फरक एवढाच, की इथे रेडिएटरच्या जागी समुद्र आहे. बोटीच्या तळातल्या सी-कॉकमधून, म्हणजे तिथल्या भोकावर बसवलेल्या तोटीतून, पाणी आत येतं, गाळणीतून म्हणजे स्ट्रेनरमधून जातं, रबरी पाकळ्यांच्या चाकाचा म्हणजे इम्पेलरचा पंप ते ढकलतो, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून फिरून ते इंजिनातल्या कूलंटची उष्णता घेतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये म्हणजे वाकड्या पाइपात धुरात मिसळून बाहेर पडतं. ही वाट एकदा बॅटरी हातात घेऊन, गुडघ्यावर बसून, पाइपाला बोट लावत लावत पूर्ण फिरून या. दोन्ही इंजिनांची. कागदावर चित्र काढा. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो, आणि पाना हातात द्यायचो तो दुसऱ्या दिवशी.

इम्पेलर दरवर्षी बदला, चांगला दिसत असला तरी. खंबाताच्या आखातात आम्हाला तो वर्षसुद्धा पुरायचा नाही. तिथलं पाणी म्हणजे पातळ चिखल, भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात, आणि तो गाळ रबर आणि पंपाची बॉडी दोन्ही पॉलिश पेपरसारखा घासतो. मुंबई बंदरात गाळापेक्षा प्लास्टिकची पिशवी जास्त त्रास देते. ती सी-कॉकच्या तोंडावर बसली की पंपाला पाणी मिळत नाही, आणि कोरडा इम्पेलर एखाद्या मिनिटात जळतो. त्या रबराला पाणी हेच वंगण.

काम सोपं आहे, जागा सोपी नसते. आधी सी-कॉक बंद. पंपाच्या झाकणाचे बारीक स्क्रू काढताना खाली कापड अंथरा, नाहीतर एक तरी स्क्रू बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जातोच. इम्पेलर दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची पद्धत सगळीकडे आहे. मी ती करत नाही, कारण पंपाच्या तोंडावर ओरखडा पडला की तिथून हवा ओढते. तुम्ही तर मशीन शॉपवाले, एक छोटा पुलर अर्ध्या तासात बनवाल. इम्पेलर हातात आला की प्रत्येक पाकळी मागे वाकवून मुळाशी पाहा. केसाएवढी चीर दिसली तर ती पाकळी पुढच्या खेपेला तुटणार होती असं समजा.

आणि पाकळी आधीच तुटलेली असेल तर नवा इम्पेलर बसवून हात धुवायचे नाहीत. तुटलेला तुकडा कुठे गेला? तो पाण्याबरोबर पुढे गेला आणि हीट एक्स्चेंजरच्या किंवा गिअर ऑईल कूलरच्या तोंडाशी अडकून बसला. मोजा. सहा पाकळ्यांपैकी दोन नसतील तर दोन तुकडे सापडेपर्यंत पाइप उघडत जा. "नवा इम्पेलर टाकला तरी गरम होतंय" ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, तितक्या वेळा हेच कारण निघालं म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा निघालं.

नवा बसवताना ग्रीस लावू नका, ग्लिसरीन लावा, नाहीतर साबणाचं पाणी. पंप ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने पीळ देत आत ढकला, म्हणजे पाकळ्या उलट्या बाजूला, मागे वाकतील. झाकणाच्या आतल्या बाजूला इम्पेलरने घासून गोल खळगा पाडला असेल तर झाकण उलटं करून गुळगुळीत बाजू आत घ्या, चालतं. दोन्ही बाजू झिजल्या असतील तर तुमच्याकडे सरफेस ग्राइंडर आहे, मला काय विचारता.

सी-कॉक उघडा. मग इंजिन चालू करा आणि आधी मागे जाऊन एक्झॉस्टकडे पाहा, डॅशबोर्डकडे नंतर. धुराबरोबर पाण्याचे गचके बाहेर पडायला हवेत. अर्ध्या मिनिटात पाणी दिसलं नाही तर इंजिन बंद. टेंपरेचर गेजची वाट पाहू नका. गेज कूलंटचं तापमान दाखवतो आणि कूलंट तापायला वेळ लागतो, तोवर एक्झॉस्टचा रबरी होज आतून भाजलेला असतो. पाणी नसलं की एक्झॉस्टचा आवाजही बदलतो, पोकळ आणि कर्कश होतो. हा आवाज तुमच्या देखरेखीच्या माणसाला ओळखता आला पाहिजे. इंजिन चांगलं चालत असताना त्याला मुद्दाम पाच मिनिटं मागे उभं करून ऐकवा.

हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताची पेन्सिल असते, मोठ्या बोल्टच्या डोक्याला खाली लावलेली. खारं पाणी तांब्याच्या नळ्यांऐवजी तिला खातं, म्हणून ती तिथे आहे. तीन महिन्यांनी काढून पाहायची, निम्मी उरली की बदलायची. दोन गोष्टी तुम्हाला खास सांगतो. त्या बोल्टच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. गळती थांबते, पण जस्ताचा धातूला स्पर्श तुटतो आणि पेन्सिल नुसती शोभेला उरते. आणि बाजारातून जस्ताचा रॉड आणून लेथवर पेन्सिली काढायचा मोह तुम्हाला होणार, मला माहीत आहे. जस्तात लोखंडाचा थोडा अंश असला तरी त्यावर थर धरतो आणि ते झिजायचं थांबतं. न झिजणारं जस्त पाहून मालक खूश होतो, आतल्या नळ्या मात्र जातात. पेन्सिल बोटीच्या सामानाच्या दुकानातूनच घ्या, ती महाग नसते.

पितळेचंही तसंच. जामनगरचं पितळ आपल्या दाराशी आहे, आणि तुमच्या शॉपमध्ये हवा तो निपल, हवा तो कोपर काढून मिळेल. पाण्याखालच्या कामाला तो वापरू नका. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त विरघळून निघून जातं, उरतो तो गुलाबी, भुसभुशीत तांब्याचा सांगाडा. वरून आकार तसाच दिसतो. एकदा एका लाँचचा असा निपल मी पक्कडीत नुसता धरला आणि तो बिस्किटासारखा तुटला, आणि आम्ही अंगठ्याने भोक दाबून लाकडी खुंटी शोधत बसलो. तेव्हापासून प्रत्येक सी-कॉकला निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधलेली असल्याशिवाय मी बोट सोडली नाही. तुम्हीही बांधा. सी-कॉक आणि त्याचं सामान ब्राँझचंच हवं. होज क्लिपा पाण्याखाली दुहेरी, आणि घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा लोखंडी, असला माल सर्रास विकला जातो. चुंबक स्क्रूला चिकटला तर क्लिप दुकानदाराला परत.

आता डिझेल. बंद पडणाऱ्या बोटींतल्या कितीतरी टाकीमुळे पडतात, इंजिनाचा त्यात दोष नसतो. अर्धी टाकी महिनोन्महिने उभी राहिली की दमट हवेतला ओलावा टाकीच्या भिंतींवर धरतो आणि थेंब थेंब तळाशी जमतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर सूक्ष्म जीव वाढतात, काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखे. शांत पाण्यात ते तळाशी पडून असतात. बोट थळच्या बाजूला लाटांवर डुलायला लागली की सगळं ढवळून निघतं, फिल्टर गच्च होतो आणि इंजिन नेमकं नको तिथे दम तोडतं.

म्हणून बोट उभी करून ठेवताना टाकी भरून ठेवा. पहिल्या फिल्टरखाली काचेची वाटी असेल, तिच्यातून प्रत्येक खेपेला पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि बाटली दहा मिनिटं उजेडात ठेवा. पाणी खाली वेगळं दिसतं, घाण मधल्या पट्ट्यात तरंगते. असं दोन-तीन खेपा स्वच्छ निघालं तर निश्चिंत. काळं निघत राहिलं तर टाकी आतून साफ करावी लागेल, आणि ते मात्र दुसऱ्याकडून करून घ्या. नुसतं औषध ओतून भागत नाही, कारण मेलेली घाणही फिल्टरमध्येच येऊन बसते.

फिल्टर बदलल्यावर हवा काढायची. पहिला फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून बसवा. इंजिनावरचा दुसरा, बारीक फिल्टर मात्र कॅनमधून भरू नका. तिथे गेलेली धूळ थेट पंपात जाते. हँड प्रायमर हलवत त्याच्या बोल्टमधून फेस यायचा थांबेपर्यंत हवा काढा. तुमची इंजिनं जुन्या पद्धतीच्या पंपाची असतील तर पुढे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट सैल करून हवा काढतात, ते तुम्ही शिकू शकाल. पण कॉमन रेल असतील, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जात असेल, तर नोझलच्या नळ्यांना हात लावायचा नाही. तिथे हजार बारच्या वर दाब असतो. केसाएवढ्या छिद्रातून उडालेलं डिझेल कातडीत घुसतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि हाताचं बोट गमवायची वेळ येते. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. असं काही झालंच तर "उद्या पाहू" नाही, त्याच तासाला हॉस्पिटल.

हवा काढतानाच माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार. मगदल्ल्याला एका लहान सर्व्हे लाँचचे फिल्टर मी बदलले. हवा पूर्ण निघाली नव्हती. इंजिन धरेना. मी सेल्फ मारला, थांबलो, परत मारला, असं सात-आठ वेळा. नवव्यांदा सेल्फ मारला तर नुसतं "टक्". इंजिन जागेवर घट्ट. बॅटरी उतरली असेल म्हणून खलाशी दुसरी बॅटरी जोडायला धावला. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणून वाचलो.

झालं होतं असं. सेल्फवर इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टमध्ये पाणी टाकत राहतो. चालू इंजिनाचा धूर ते पाणी बाहेर फेकतो. पण इंजिन पेटलंच नाही तर फेकणार कोण? पाणी सायलेन्सरच्या डब्यात साचतं, चढतं, एल्बो ओलांडतं आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. तेव्हा दुसरी बॅटरी लावून जोर केला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. आम्ही नोझल काढले, हाताने इंजिन फिरवलं, आणि दोन सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी छताला लागली. त्याच संध्याकाळी ऑईल बदललं, इंजिन चालवलं, परत बदललं, परत चालवलं, तिसऱ्यांदा बदललं तेव्हा कुठे ते दुधी दिसायचं थांबलं. रात्रभर तसंच ठेवलं असतं तर सकाळपर्यंत सिलिंडर गंजून बसले असते.

तेव्हा नियम असा: इंजिन धरत नसेल तर दोन-तीनदा सेल्फ मारून सी-कॉक बंद करा, आणि इंजिनाने धरल्याच्या क्षणी उघडा. उघडायला माणूस तिथेच बसलेला हवा, डेकवर चहा पीत नको. आणि "टक्" झालं तर जोर नाही.

ऑईल बदलणं तुम्हाला शिकवायला नको. फरक इतकाच की ऑईल चेंबरखाली हात जायला जागा नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी इंजिन चांगलं गरम हवं. अर्धा तास समुद्रात फिरवून आणा, मग ओढा. बहुतेक जण पावसाळा संपल्यावर, नव्या हंगामाला नवं ऑईल म्हणून बदलतात. माझ्या मते हे उलटं आहे. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल आणि काजळी असते, ती तीन-चार महिने बेअरिंगांना लावून ठेवण्यात काय मतलब? उभं करण्यापूर्वी बदला, स्वच्छ ऑईलमध्ये इंजिन झोपू द्या. बहुतेक अशा इंजिनांना १५डब्ल्यू-४० डिझेल ऑईल चालतं, ग्रेड मात्र मॅन्युअलमधूनच. डिपस्टिकवर दुधी, कॉफीसारखा रंग दिसला तर आत पाणी आहे, इंजिन चालू करू नका. गिअरबॉक्सची डिपस्टिकही अशीच पाहा, ती सगळेच विसरतात. काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर आणा. बिल्जमध्ये सांडलेलं पुसून घ्या, बिल्ज पंपाने समुद्रात सोडू नका. पुसायला बनियनचं वेस्ट पोतंभर घेऊन जा, तिथे ते कधीच पुरत नाही.

बेल्ट, बॅटरी वगैरे तुम्ही पाहालच. बेल्टखाली काळी भुकटी दिसली तर पुली नीट रेषेत नाही. उभ्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.४च्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. कूलंट इथे बर्फासाठी नसतो, गंजासाठी असतो, तेव्हा "मुंबईत कुठे बर्फ पडतो" म्हणून नुसतं पाणी भरणाऱ्याचं ऐकू नका. दोन रंगांचे कूलंट एकत्र करू नका. प्रॉपेलर शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, दोरी असलेल्या ग्लँडचं बोलतोय. एकही थेंब पडत नाही म्हणून शाबासकी घेणाऱ्याने शाफ्ट जाळायची तयारी केलेली असते.

एका गोष्टीबद्दल तुमच्या बोटीवरच्या माणसाशी थोडा वाद घालावा लागेल. तो म्हणत असेल, "साहेब, मी दर रविवारी दोन्ही इंजिनं वीस मिनिटं चालू करतो." मनापासून करतो, पण नुकसान करतो. न्यूट्रलवर वीस मिनिटांत डिझेल इंजिन नीट गरम होत नाही. ऑईलमध्ये ओलावा धरतो, अर्धवट जळलेली काजळी नोझलवर आणि टर्बोवर बसते. एक तर चालवू नका, नाहीतर चालवायचं तर बोट सोडून, अर्धा-पाऊण तास, त्यात दहा मिनिटं चांगल्या लोडवर, आणि परत आल्यावर तीन-चार मिनिटं मंद ठेवून मग बंद, म्हणजे टर्बो थंड होतो. महिन्यातून दोनदा असं झालं तरी दर रविवारच्या वीस मिनिटांपेक्षा बरं.

त्याच फेरीत एकदा थ्रॉटल पूर्ण देऊन आरपीएम वाचा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा दोन-तीनशे कमी येत असतील आणि धूर काळा असेल तर लगेच नोझलवर संशय घेऊ नका. आधी बोटीचा तळ आणि प्रॉपेलर पाहा. पाण्यात उभ्या बोटीला कठीण कवचाचे जीव चिकटतात, प्रॉपेलर खडबडीत होतो, इंजिन ओझ्याखाली दबतं. कोयत्याने नव्हे, लाकडी पट्टीने खरवडा. धूर निळा असेल तर ऑईल जळतंय. पांढरा असेल तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी, वास घेऊन कळतं: डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो.

हात कुठे लावू नये, हे विचारलंत. फ्युएल पंप, टर्बो आणि कॉमन रेलमधलं काहीही. आणि एक गोष्ट, जी तुम्ही लेथवाले असल्यामुळे नक्की करायला जाल: इंजिन आणि शाफ्टचं अलाइनमेंट. बोट जमिनीवर काढलेली असेल, कपलिंग समोर दिसेल, डायल गेज तुमच्याकडे असेल, आणि दोन दशांश मिलिमीटरचा फरक दिसला की हात शिवशिवतील. थांबा. जमिनीवर ठोकळ्यांवर बसलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो, सांगाडा थोडा वाकतो. जमिनीवर अचूक केलेलं अलाइनमेंट पाण्यात चुकतं. ते पाण्यात उतरवून, दोन-चार दिवस तरंगल्यावर, टाक्या भरून करायचं, आणि पहिल्या वेळी अनुभवी माणूस शेजारी ठेवून.

पावसाळ्याचं सांगतो. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद होतात, त्याच्या आत तुमची बोट वर काढलेली हवी. काढायच्या आदल्या दिवशी फेरी मारून इंजिनं गरम करा, ऑईल आणि फिल्टर बदला. बोट वर आली की स्ट्रेनरमध्ये गोड्या पाण्याचा होज सोडून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघेल. होजचं पाणी स्ट्रेनरमध्ये भरून वाहत राहील इतकंच सोडा, दाबाने ढकलू नका. मग इम्पेलर काढून घ्या, कारण महिनोन्महिने वाकलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या राहतात. एक्झॉस्टच्या तोंडात ऑईलचं कापड कोंबा. आणि हे दोन्ही एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून, "इम्पेलर काढला आहे, एक्झॉस्ट बंद आहे", तो पुठ्ठा किल्लीला बांधा. किल्ली बडोद्याला घेऊन या. नारळी पौर्णिमेला मेव्हण्यांना उत्साह येतो, त्या उत्साहात किल्ली त्यांच्या खिशात नसलेली बरी.

सामान न्यायचं तर गाडी थेट घेऊन जा. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडी बोटीत चढते. ऑईलचे कॅन, ओढायचा पंप, पान्यांचा सेट, दोन इम्पेलर, दोन्ही प्रकारचे चार-चार फिल्टर, बेल्ट, होज क्लिपा, खुंट्या. बडोद्याहून चारशे किलोमीटर गेल्यावर एका वॉशरसाठी काम अडलं की काय वाटतं ते मी दहेजला अनुभवलंय, तेही दहेज इथून दोन-अडीच तासांवर. आणि एक शंभर पानी वही. तारीख, तास, काय काढलं, काय बसवलं, जुना भाग कसा दिसत होता. मिस्त्री काही सांगत नाही म्हणता, तर पुढच्या वेळी त्याला त्याच वहीत लिहायला सांगा आणि काढलेले सुटे भाग टेबलावर ठेवायला सांगा. जो ठेवेल त्याला काम द्या, बिल मोठं असलं तरी.

पुढच्या फेरीत एवढंच करा: पाण्याच्या वाटेचं चित्र, दोन्ही इम्पेलर, दोन्ही जस्ताच्या पेन्सिली, आणि डिझेलची बाटली. बाकी कशाला हात लावू नका. जुने इम्पेलर आणि पेन्सिली फेकू नका, फडक्यात गुंडाळून कोणता डाव्या इंजिनाचा, कोणता उजव्या, चिठ्ठी लावून घेऊन या. रविवारी सकाळी रावपुऱ्यात शेव-उसळ खाता खाता पाहू. डाव्याची पेन्सिल उजव्यापेक्षा जास्त खाल्लेली निघाली तर बोटीच्या वायरिंगबद्दल वेगळं बोलावं लागेल.